'आय ॲम फाईन' आणि न रमणारा जीव

"काका, 'अंडर द वेदर' म्हणजे हवामानाच्या खाली का?"

हा प्रश्न मला पणजीत कुणी विचारला असता तर हसून सोडून दिला असता. तो विचारला बाजारहत्नूरला, लग्नघराच्या ओसरीवर, आठवीतल्या एका मुलाने. त्याच्या हातात बसस्टँडवर मिळते तसले एक पातळ पुस्तक होते. इंग्रजीतून आपल्या भावना कशा सांगाव्यात, याची रोजची वाक्ये त्यात दिलेली होती. बरे नसेल तर 'अंडर द वेदर', खूप आनंद झाला तर 'ओव्हर द मून', त्याहून जास्त झाला तर 'ऑन क्लाउड नाइन', उदास असाल तर 'फीलिंग ब्लू'. पोराने सगळी पाठ केली होती. अर्थ मात्र एकाचाही लागत नव्हता. नववा ढगच का, आठवा का नाही, हे मलाही सांगता आले नाही.

बाजारहत्नूर कुठे आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. मलाही नव्हते. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातले हे मंडलाचे गाव. माझा थोरला मावसभाऊ नोकरीच्या निमित्ताने नांदेडला स्थायिक झाला, आणि त्याच्या सुनेचे माहेर हे. तिच्या धाकट्या भावाचे लग्न होते. "तू कधी इकडे येतच नाहीस" हे भावाचे वर्षानुवर्षांचे गाऱ्हाणे एकदाचे मिटवावे म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला सोबत घेऊन मी निघालो. नांदेड, किनवट, आदिलाबाद, मग नागपूर-हैदराबाद महामार्गाने इच्चोड्यापर्यंत आणि तिथून आत. वाटेत कापसाची शेते आणि सागाचे जंगल.

हा सगळा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यातला. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि 2014 पासून तो तेलंगणात आहे. रेषेच्या पलीकडे राहिलेल्या मराठी माणसांनी घरात मराठी ठेवली. शाळा-बाजारासाठी तेलुगू शिकले, म्हाताऱ्यांना उर्दू येते, आणि आसपास गोंडी-कोलामी बोलणारी वस्ती. एका दिवसात तीन-चार भाषा बोलणारी माणसे! मला ते सारे ओळखीचे वाटले. आपणही घरात, देवळात, बाजारात आणि कचेरीत भाषा बदलतच जगतो.

तर त्या ओसरीवर घडलेली दुसरी गोष्ट सांगतो. हा लेख तिच्यासाठीच आहे.

माझी मुलगी गेले काही महिने गप्प गप्प असे. काय झाले विचारले की 'नथिंग', कशी आहेस विचारले की 'आय ॲम फाईन'. तिची आई विचारी, मी विचारी, उत्तर तेच. मी फाईलवर शेरा वाचावा तसे ते वाचून पुढे सरकत असे. 'फाईन' म्हणाली ना, मग प्रकरण निकालात! त्या दिवशीही ती खांबाला टेकून मोबाईल बघत बसली होती. घरातल्या नव्वदीच्या आजी, म्हणजे माझ्या भावाच्या व्याह्यांच्या आई, काठी टेकत आल्या. तिच्या शेजारी बसल्या. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "काहून गं माय, जीव रमंना का तुझा?"

मुलीने वर पाहिले. सवयीने म्हणाली, "नाही आजी, आय ॲम फाईन." आजींना त्यातले काय कळले देव जाणे. त्यांनी हात काही काढला नाही. मग मुलगी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाबा, जीव रमणं म्हणजे नक्की काय?"

मंडळी, मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. मराठीच्या सभांना सतरंज्या घालण्यापासून आभार मानण्यापर्यंत सगळी कामे केलेला. आणि माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला 'जीव रमणे' ठाऊक नव्हते! मी तिला समजावून सांगितले. एखाद्या जागी, एखाद्या कामात, माणसांत आपण असतो, सगळे ठीकठाक असते, तरी आतले काहीतरी तिथे बसायला तयार नसते, त्याला जीव न रमणे म्हणतात. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हां. मग नाही रमत."

त्या रात्री ती माझ्याशी बोलली. काय बोलली ते तिचे आहे, इथे लिहिण्याचे नाही. पण इतके महिने 'फाईन' या एका शब्दाने जे दार लावून ठेवले होते, ते आजींच्या एका वाक्याने किलकिले झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले. म्हणून आज जरा कडक लिहिणार आहे. कुणाला बोचले तर बोचो.

माझे म्हणणे असे की, आपण मुलांना इंग्रजी शिकवताना फक्त एक भाषा जोडून देत नाही. आपल्याला काय होते आहे हे ओळखण्याची आणि सांगण्याची आपली जी रीत होती, ती त्यांच्याकडून काढून घेतो आणि बदल्यात पाच-सहा तयार शिक्के हातात देतो. हॅपी, सॅड, अँग्री, अपसेट, बोअर्ड, डिप्रेस्ड. आणि या सगळ्यांवर झाकण म्हणून 'फाईन'.

आता रीत म्हणजे काय ते बघा. मराठीत आपण म्हणतो, मला राग आला. मला भीती वाटली. मला कंटाळा आला. मला वाईट वाटते. या वाक्यांत 'मी' कर्ता नाही. राग हा कर्ता. तो येतो, मला येतो, आणि जो येतो तो जातोही. कोकणीत 'म्हाका राग आयलो'. कोकणीत तर वाईट 'दिसते'. 'म्हाका वायट दिसलें' म्हणताना दुःख जणू समोर येऊन उभे राहते. शेजारचा कन्नडिगा म्हणतो 'ननगे सिट्टु बंतु', मला राग आला. आणि बाजारहत्नूरच्या बाजारातला तेलुगू माणूस म्हणतो 'नाकु कोपम् वच्चिंदि', मला राग आला! भाषांची कुळे वेगळी, आर्य आणि द्रविड, पण मांडावीपासून गोदावरीपलीकडे राग सगळीकडे पाहुण्यासारखा येतो.

ही केवळ योगायोगाची गंमत नव्हे. एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 1956 साली एक प्रसिद्ध लेख लिहून दाखवले की भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषा शेजारी राहून राहून एकमेकींसारख्या झाल्या आहेत. म्हणजे ज्या वर्षी आपण नकाशावर भाषेच्या रेषा मारल्या, त्याच वर्षी! पुढे मासिका या अभ्यासकाने 1976 साली या 'मला-नाकु'च्या वाक्यरचनेचाही त्या साम्यांत विचार केला. शेकडो वर्षे शेजारी राहून या मुलुखाने भावनांविषयी बोलण्याची एक समाईक रीत तयार केली आहे. निरक्षर आजींना ती येते.

'आय ॲम अपसेट', 'आय ॲम डिप्रेस्ड' या वाक्यांत मात्र मी आणि माझे दुःख यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह आहे. मुले आता मराठीतही तेच म्हणू लागली आहेत. 'मी सॅड आहे.' 'मी खूप लो आहे.' मी अमुक गावचा आहे, मी लेखनिक आहे, तसे मी सॅड आहे! जणू सरकार-दरबारी नोंद झाली. आलेला पाहुणा जाईल अशी आशा असते. सात-बाऱ्यावर नाव लागले की तो जाणार कसा?

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो, नाहीतर कुणी व्याकरणाचे पुस्तक माझ्या डोक्यात मारील. मराठीत 'मी रागावलो', 'मी घाबरलो', 'मी आनंदात आहे' असेही म्हणता येते. पण आपल्याकडे दोन्ही वाटा आहेत आणि कुठे कोणती घ्यायची हे आईच्या मांडीवर कळत असे. शिवाय इंग्रजीतही पूर्वी ही वाट होती. शेक्सपिअरच्या काळी 'मीथिंक्स' म्हणत, म्हणजे 'मला वाटते'. त्यांची ती वाट काळाच्या ओघात बुजली. आपण आपली स्वतःच्या हाताने बुजवत आहोत, आणि वर क्लासची फी भरत आहोत.

आता शब्दांकडे येऊ. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 ची. तो घेऊन कधी एक संध्याकाळ बसा. एका परक्या लष्करी माणसाने आपल्या भाषेतली मनाची घालमेल टिपायला केवढे कष्ट घेतले आहेत ते दिसेल. आणि आपली मुले या सगळ्याला 'फीलिंग बॅड' म्हणतात!

थोडक्यासाठी बस चुकली, तिकीट हुकले, की लागते ती चुटपुट. कुणाला भेटायचे राहून गेले, कुणाची क्षमा मागायची राहिली, की ती रुखरुख. चुटपुट संध्याकाळपर्यंत विरते, रुखरुख वर्षानुवर्षे पुरते. दुसऱ्याचे नुकसान पाहून होते ती हळहळ. निकालाच्या आदल्या रात्री धाकधूक. जावे की राहावे, सांगावे की न सांगावे, अशी दोन्हीकडून ओढ लागली की घालमेल. कारण सापडत नाही, पण कातरवेळी काहीतरी हरवल्यासारखे होते, ती हुरहुर. खेळायला नाही घेतले की मूल हिरमुसते, रागवून कोपऱ्यात बसले की फुरंगटते, चूक पकडली की ओशाळते. ही तीन मुले तीन वेगळी मुले आहेत. हिरमुसलेल्याला खेळायला बोलवायचे असते, फुरंगटलेल्याची मनधरणी करायची असते, आणि ओशाळलेल्याकडे काही वेळ पाहायचेच नसते. तिघांनाही 'सॅड' म्हटले की काय करायचे हे आईबापांना कुठून कळणार? शब्दात उपाय दडलेला होता, तो शब्दाबरोबर गेला.

आणि शरीर! आपल्या भाषेने प्रत्येक भावनेला अंगात घर दिले आहे. अनोळखी भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने छातीत धस्स होते, अपमान जिव्हारी लागतो, संतापाने तळपायाची आग मस्तकात जाते, लेकराला दुखले की पोटात तुटते. चिंता मिटली की जीव भांड्यात पडतो. तोवर तो टांगणीला असतो, खालीवर होत असतो, कासावीस होत असतो. आनंद झाला तर तो गगनात मावत नाही. बाजारहत्नूरच्या त्या पोराला मी विचारले, तुमच्या घरी आनंद झाला की काय म्हणतात? तो म्हणाला, "लई भारी." आणि मग आठवून, "आजी म्हणते आभाळ ठेंगणं झालं." बघा! आभाळ त्याच्या घरातच होते, आणि पोरगा नववा ढग विकत घेऊन आला होता.

आता आक्षेप ऐकू येऊ लागले आहेत, त्यांना उत्तर देतो.

पहिला आक्षेप पोटाचा. 'इंग्रजी आल्याशिवाय नोकरी कुठली?' मान्य. माझे पोट सरकारी कचेरीत इंग्रजी टिपण्या लिहूनच चालते. तेलंगणा सरकारने 2022 साली सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणायचे ठरवले ते लोकांना हवे होते म्हणूनच. त्या पोराच्या बापाला मी कोणत्या तोंडाने सांगू की मुलाला इंग्रजी शिकवू नकोस? खुशाल शिकवा. अर्ज इंग्रजीत करू दे, मुलाखत इंग्रजीत देऊ दे, विज्ञान इंग्रजीत वाचू दे. पण रात्री घरी आल्यावर त्याला काय होते आहे, हे सांगायला इंग्रजीचे कोणते सरकारी परिपत्रक आडवे येते? भाकरीची भाषा आणि जिवाची भाषा वेगळी असू शकते. बाजारहत्नूरच्या माणसांनी तेलुगू राज्यात राहून हे करून दाखवले आहे.

माझ्या टेबलावर रजेचे अर्ज येतात. वीस वर्षांत किती आले असतील! कारण एकच. 'ॲज आय ॲम नॉट फीलिंग वेल.' ताप आलेला तेच लिहितो, भावाशी वाटणीवरून भांडण झालेला तेच लिहितो. आई गेल्यानंतर महिनाभराने एका सहकाऱ्याने तेच लिहिले होते. मी अर्जावर नेहमीचा शेरा मारून फाईल वर पाठवली. त्या माणसाशी एक शब्द बोललो नाही. तो शेजारच्या टेबलावर बसतो. मी मराठीत एवढेच विचारले असते की आईवाचून घर खायला उठते का रे, तर काय बिघडले असते? याची रुखरुख मला अजून आहे. कागदावर इंग्रजी होते, ठीक. तोंडाला कुणी कुलूप लावले होते?

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. 'डिप्रेशन हा शब्द आला म्हणून तर माणसे डॉक्टरकडे जाऊ लागली. पूर्वी अशा माणसाला वेडा नाहीतर आळशी म्हणत.' अगदी खरे. नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि ज्याला गरज आहे त्याने लाज न बाळगता डॉक्टरकडे जावे. हुरहुर आणि आजार यांत फरक आहे. पण हा फरक ओळखायचा कसा? एका सुट्टीचा कंटाळाही 'डिप्रेस्ड' आणि जिवावर उठलेला आजारही 'डिप्रेस्ड', असे झाले की खरा आजारी गर्दीत हरवतो. पाहुणा आठवडेच्या आठवडे जात नाही, झोप आणि भूक घेऊन बसला आहे, हे सांगायलाही आधी 'आला' आणि 'गेला' हे शब्द लागतात.

आणि या बाबतीत आपला गोवाच साक्षीला आहे. 1996 साली इथे सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेच्या अभ्यासकांनी गोव्यातल्या स्त्रियांच्या सततच्या थकव्याचा अभ्यास केला, तो 2005 साली प्रसिद्ध झाला. त्या थकव्याचे धागे मनावरच्या ताणाशी आणि घरच्या, पैशाच्या अडचणींशी जुळलेले दिसले. बाई सांगत होती अंगाचे, दुखत होते मन. पुढे इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून अशा रुग्णांना मदत देण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2010 साली 'लॅन्सेट'सारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. मी त्यातून एवढेच घेतो की, समोरच्याच्या बोलीत बसून त्याचे ऐकणारे माणूस लागते. त्या आजींनी ओसरीवर केले ते याच जातीचे काम.

तिसरा आक्षेप शुद्धिवाद्यांचा, म्हणजे आमच्याच गोटातला. त्यांना 'टेन्शन' शब्द ऐकला तरी टेन्शन येते! माझे त्यांच्याशी भांडण आहे. 'मला टेन्शन आलंय' हे वाक्य मी मराठीच मानतो. शब्द परका, पण घरात शिरताना चपला दाराबाहेर काढून आला. टेन्शन 'येते', 'जाते', 'घेऊ नकोस' म्हटले तर घेतलेही जात नाही. पोर्तुगीज शब्द आपण असेच पचवले. परका शब्द येण्याला माझी हरकत नाही. एका परक्या शब्दासाठी घरचे दहा हाकलून देण्याला आहे.

आणि शुद्धिवाद्यांनी स्वतःकडेही पाहावे. 1967 च्या जनमत कौलापासून 1987 च्या राजभाषा कायद्यापर्यंत आणि त्यानंतरही कोकणी मोठी की मराठी मोठी यावर आपण गोव्यात रान पेटवले. 2011 साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा दोन्हीकडचे लोक एकत्र रस्त्यावर आले, हे चांगलेच झाले. पण मोर्च्यातून घरी परतल्यावर आपल्या मुलांनी 'हाऊ वॉज युअर डे'ला 'फाईन' म्हटले आणि आपण जेवायला बसलो. मीसुद्धा. सभेत मराठी वाचवली आणि घरात घालवली.

शेवटी आपल्याच मातीतला एक इंग्रज आठवतो. थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आला. जन्माने, भाषेने अस्सल इंग्रज. सासष्टीत आयुष्य घालवले. ख्रिस्ताची कथा इथल्या लोकांच्या काळजाला भिडवायची होती, तेव्हा त्याने ती आपल्या मायबोलीत लिहिली नाही. त्याने मराठीत ओव्या रचल्या, सुमारे अकरा हजार! 'क्रिस्तपुराण' 1616 साली राशोलला छापले गेले. शेक्सपिअर वारला ते हेच वर्ष. ज्याची मातृभाषा शेक्सपिअरची होती, त्याला आईचा शोक आणि भक्ताचा गहिवर सांगायला आपली भाषा पुरेशी वाटली. आणि चारशे वर्षांनी आपल्याला बसस्टँडवरचे पुस्तक लागते!

मी कुणाला प्रतिज्ञा घ्यायला सांगत नाही. प्रतिज्ञा आपण फार घेतल्या. फक्त उद्या मुलगा 'फाईन' म्हणाला तर तिथे थांबू नका. हिरमुसलास का, धाकधूक वाटते का, जीव रमत नाही का, असे एक एक करून विचारा. त्याला शब्द कळला नाही तर समजावून सांगा. त्यात लाज नाही, मी सांगितला आहे.

निघताना त्या पोराने पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मला लिहायला लावले, 'अंडर द वेदर'ला मराठीत काय म्हणायचे ते. मी लिहिले, 'मरगळ आली आहे'. त्याने ते आजींना वाचून दाखवले. आजी म्हणाल्या, "मग असं सरळ बोल की!"